ब्राँझ सांगून पितळ बसवलं, होडी बुडता बुडता वाचली

जे झालं ते सगळं लिहितोय, थोडं लांबेल पण होडीला लाईव्ह बेटची, म्हणजे जिवंत आमिषाची टाकी बसवायचा विचार असेल तर पूर्ण वाचा.

माझी होडी फायबरची, 18 फुटी, मागे 9.9 हॉर्सपॉवरचं मशीन. आम्ही गरी टाकतो रेवदंड्याच्या खाडीत, कुंडलिका समुद्राला मिळते तिथं, समोर कोर्लईचा किल्ला. जिताडा माशाला जिवंत कोळंबीसारखं आमिष नाही. पण पागाने (हाताने फेकायच्या जाळ्याने) पकडलेली कोळंबी बादलीत ठेवली तर उन्हात तासाभरात निम्मी मरते, पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन टिकत नाही. म्हणून टाकी हवी होती, जिच्यात सतत ताजं खारं पाणी येईल आणि वरून वाहून जाईल.

ओळखीतून एक फायबरचं काम करणारा मिळाला. 42 हजारात ठरलं. 90 लिटरची गोल टाकी (कोपरे नसले की कोळंबी आपटत नाही), तासाला 500 गॅलनचा बारा व्होल्टचा पंप, वेगळी बॅटरी, आणि तळातून पाणी घ्यायला ब्राँझचं फिटिंग आणि वर ब्राँझचाच व्हॉल्व्ह. हे शेवटचं मी तीनदा बजावलं होतं, कारण ते भोक पाण्याच्या रेषेखाली असतं, तिथं काही तुटलं तर पाणी थेट होडीत.

काम जुलैत झालं, 1 जून ते 31 जुलै मासेमारीला बंदी होती, होडी किनाऱ्यावर ओढलेली. इथंच मी फसलो. होडी कोरडी, पंप चालवून बघायचा कसा, आणि तो म्हणतो शेठ काम झालंय, पैसे पूर्ण करा, मला पुढच्या साईटवर जायचंय. ब्राँझच आहे ना विचारलं तर खिशातून चुंबक काढलं, व्हॉल्व्हला लावलं, चिकटलं नाही. बघा शेठ, ओरिजिनल. मला पटलं. अरे पण चुंबक पितळेलाही चिकटत नाही! त्याने फक्त लोखंड नाही एवढंच कळतं. हे मला नंतर कळलं. बिल मागितलं तर जीएसटीचे पैसे कशाला वाढवताय म्हणाला आणि वहीच्या कागदावर नुसता आकडा लिहून दिला.

नारळी पौर्णिमेनंतर होडी पाण्यात टाकली. पहिल्याच दिवशी कोळंबी अर्ध्या तासात आडवी. फोन केला तर म्हणे नवीन फायबरचा वास आहे, जाईल. वास गेला, कोळंबी मरतच होती. शेवटी मी टाकीत येणारं पाणी 20 लिटरच्या बादलीत धरलं आणि घड्याळ लावलं. 500 गॅलन म्हणजे तासाला साधारण 1,900 लिटर, पाणी वर चढवायचंय म्हणून थोडं कमी धरलं तरी बादली मिनिटभरात भरायला हवी. भरायला चार मिनिटं लागली. मग बॅटरी लो असेल म्हणाला, आणि त्यानंतर फोन उचलणंच बंद.

मी पंप बदलायच्या विचारात होतो, व्हॉल्व्हकडे लक्षच गेलं नाही. फेब्रुवारीत रात्रीच्या ओहोटीला मुलाला घेऊन गेलो होतो, 14 वर्षांचा आहे. तो म्हणाला बाबा पाय भिजतायत. टॉर्च मारला, व्हॉल्व्हच्या बुडातून पाणी झिरपत होतं, बंद करायला मूठ फिरवली तर मूठ तुटून वरच्या भागासकट हातात आली आणि खालून फवारा. पाऊण इंचाचं भोक, मिनिटाला बादलीभर पाणी आत येत होतं. पंचा कोंबला, त्यावर पाय दाबून बसलो, मुलगा पाणी उपसत होता, तसेच किनाऱ्याला आलो. तो रडला नाही, पण घरी आल्यावर दोन दिवस नीट बोलला नाही. मला सगळ्यात जास्त राग या गोष्टीचाच आहे, पैशाचा नंतर.

दुसऱ्या कारागिराने सगळं उघडलं. ते घरच्या नळाचं पितळी फिटिंग होतं. खाऱ्या पाण्यात पितळेतलं जस्त निघून जातं, उरतं ते गुलाबीसर आणि ठिसूळ, नखाने खरवडलं तरी भुगा पडत होता. सीलंट बाथरूमचं सिलिकॉन. भोकाच्या कडेला रेझिन लावलंच नव्हतं, त्यामुळे भोकाभोवतीचं प्लायवूड पाणी पिऊन फुगलेलं. वायरला फ्यूज नाही. पंपावर 500 चं स्टिकर, ते सोललं तर खाली वेगळाच छोटा आकडा. दुरुस्तीला 11 हजार गेले.

बिल नव्हतं तरी यूपीआयची नोंद आणि व्हॉट्सॲपवरचे मेसेज होते, त्यात ब्राँझ हा शब्द त्या टाकीवाल्याने स्वतः टाईप केलाय. 1915 या ग्राहक हेल्पलाईनला फोन केला आणि मग जिल्हा ग्राहक आयोगात वेगळी तक्रार टाकली, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. तारीख यायचीय. तुम्ही काम देताना धातू, पंपाचा आकडा, सीलंटचं नाव सगळं मेसेजवर लिहून घ्या, आणि निदान तिसरा हिस्सा पैसे होडी पाण्यात जाऊन बादली भरून बघेपर्यंत हातात ठेवा. व्हॉल्व्ह एकदा खोलून दुसऱ्या जाणकाराला दाखवा.

मी ते भोक कायमचं बुजवलंय. आता बर्फाच्या पेटीत खारं पाणी आणि बॅटरीवरचा छोटा एअर पंप, दर अर्ध्या तासाला थोडं पाणी बदलतो, कोळंबी तीन तास राहते. परवा कळलं की तोच माणूस पलीकडच्या गावात एका होडीला टाकी बसवतोय. त्या होडीवाल्याचा नंबर शोधून मी आधी त्यालाच फोन केला, त्याने विचारलं, चुंबक लावून दाखवलं होतं की, मग?