धाकटीला आधी कोणतं पुस्तक द्यावं?

इंदूरची माझी थोरली भाची गेली. धाकटी तिचाच स्वेटर घालून बसते, बाह्या बोटांवर ओढून. पुढ्यातले पोहे गार होतात. तिला कोणतं पुस्तक द्यावं, यावर मी फार घुटमळले.

जँडी नेल्सनच्या ‘द स्काय इज एव्हरीव्हेअर’मधली (२०१०) लेनी चिटोऱ्यांवर, कागदी कपांवर कविता लिहून जागोजागी टाकून देते. बहीण गेल्याच्या दुःखातच ती प्रेमात पडते आणि स्वतःचीच लाज वाटते तिला. ती लाज फार खरी उतरली आहे.

एरिका सांचेझच्या ‘आय अ‍ॅम नॉट युअर परफेक्ट मेक्सिकन डॉटर’मधली (२०१७) शिकागोची हुलिया मात्र चिडलेली. तिची थोरली बहीण ओल्गा ट्रकखाली गेली, तरी आईच्या नजरेतली तुलना संपत नाही.

‘ताई असं कधी करायची नाही’ हे धाकटीही रोज ऐकते. मी तिला हुलियाच दिली.