क्वाडटोन रिप: कृष्णधवल छपाईचे कॅलिब्रेशन

कृष्णधवल छायाचित्र रंगीत इंकजेटवर छापले की करड्या छटांत अनेकदा हिरवट किंवा जांभळट झाक उतरते, कारण साधा ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारे सॉफ्टवेअर, त्या छटा घडवताना रंगीत शायाही मिसळतो. रॉय हॅरिंग्टन यांचे ‘क्वाडटोन रिप’ हे सॉफ्टवेअर त्या ड्रायव्हरला बाजूला सारून प्रत्येक शाई किती सोडायची हे वापरणाऱ्याच्या हाती देते. एप्सन पी ८०० सारख्या प्रिंटरवर मग काळी, फिकट काळी आणि अतिफिकट काळी या तीन शायाच बहुतेक भार उचलतात; रंगीत शाया लागतात त्या छटेला किंचित उबदारपणा देण्यापुरत्या.

खरा कस लागतो तो कॅलिब्रेशनमध्ये, म्हणजे शाईचे प्रमाण कागदाशी मोजून जुळवण्यात. आधी कागदाची शाईमर्यादा ठरवावी लागते, कारण एका टप्प्यानंतर शाई कितीही ओतली तरी काळेपणा वाढत नाही, मॅट म्हणजे बिनचकाकीच्या कागदावर तर तो कधी कधी घटतो. मग पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतच्या २१ पायऱ्यांची पट्टी छापून, ती पूर्ण वाळल्यावर स्पेक्ट्रोफोटोमीटर या छटा मोजणाऱ्या उपकरणाने मोजून ती मापे सॉफ्टवेअरला दिली, की पायऱ्यांमधील अंतर समान होते आणि गडद सावल्यांतला, एरवी बुडून जाणारा तपशील सुटा दिसू लागतो. हे काम कागद बदलला की पुन्हा करावे लागते, आणि मॅकवर शाईचे आकडे साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहायचे असल्याने ते किचकटही आहे. क्वचित छपाई करणाऱ्याला एप्सनच्या ड्रायव्हरमधील ‘अ‍ॅडव्हान्स्ड ब्लॅक अँड व्हाइट’ ही सोय पुरेशी आहे. प्रदर्शनासाठी एकाच मॅट कागदावर सातत्याने छापणाऱ्याने मात्र क्वाडटोन रिपच घ्यावे.