फोटोशॉपच्या जोडीला कोण: कोरलड्रॉ की इलस्ट्रेटर?

ठाण्यात दहीहंडीचे बॅनर, लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या करायच्या तर फोटोंसाठी फोटोशॉप लागतंच. प्रश्न उरतो तो अक्षरं आणि लोगो कशात करायचे याचा.

इलस्ट्रेटर आणि फोटोशॉप दोन्ही ॲडोबीचे, त्यामुळे त्यांचं छान जमतं. इलस्ट्रेटरमधला लोगो फोटोशॉपमध्ये स्मार्ट ऑब्जेक्ट म्हणून पेस्ट करा. लहानमोठा केला तरी कडा फाटत नाहीत आणि डबल क्लिक केलं की तो परत इलस्ट्रेटरमध्ये उघडतो. कोरलड्रॉमध्ये पीएसडी, म्हणजे फोटोशॉपची फाइल, लेअरसकट (थरांसकट) आत येते, पण ही ये-जा तिथे इतकी सहज नाही.

मराठी मजकुराचं मात्र दोन्हीकडे पाहावं लागतं. इलस्ट्रेटरमध्ये जोडाक्षरं तुटली, वेलांटी भलतीकडे गेली, तर फॉन्टला दोष देण्याआधी पॅराग्राफ पॅनेलमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोजर, म्हणजे देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवणारा पर्याय, निवडा. कोरलवर वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांकडे श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या जुन्या फाइलींचा साठा असतो; तो मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या प्रमाण अक्षरसंकेतात, नसेल, तर रूपांतर केल्याशिवाय दुसरीकडे नेऊन उपयोग नाही.

छपाईवाला सीडीआर, म्हणजे कोरलची फाइल, मागत असेल तर कोरलच घ्या, उगाच वाद नको. फक्त त्याची आवृत्ती विचारा, कारण नवी फाइल जुन्या कोरलमध्ये उघडत नाही. इन्स्टाग्रामच्या पोस्टही करायच्या असतील तर माझं मत इलस्ट्रेटरला.

काहीही वापरा, पण अक्षरं कर्व्ह करण्याआधी, म्हणजे त्यांचे नुसते आकार करण्याआधी, मूळ प्रत वेगळी ठेवा; नंतर मजकूर टाइप करून बदलता येत नाही. पत्रिका छपाईला निघाली की एखाद्या मामांचं नाव वाढतंच.