मिरजेतील एक कर्करोग डे-केअर विभाग: आधी गाठीची चाचणी, मग औषध

मोठ्या आतड्याचा कर्करोग यकृतापर्यंत पोहोचला असेल, तर त्यावरचे ‘टार्गेटेड’ (कर्करोगाच्या पेशीतील ठरावीक घटकावर नेम धरणारे) उपचार सांगली जिल्ह्यात राहून नीट घेता येतात का, याविषयी आमच्या नातेवाइकांना शंका होती आणि बहुतेकांनी पुण्या-मुंबईचीच नावे सुचवली. तासगावजवळ राहणाऱ्या माझ्या वडीलबंधूंचे उपचार आम्ही मिरजेतील एका खाजगी रुग्णालयाच्या डे-केअर विभागात सुरू केले. त्या अनुभवावरून हे परीक्षण लिहीत आहे. पुढे काही उणिवाही नोंदवल्या असल्यामुळे रुग्णालयाचे नाव दिलेले नाही. परंतु ज्या कसोट्यांवर मी या विभागाला जोखले, त्या कोणत्याही कर्करोग केंद्राला लावता येतील.

या विभागाची सर्वांत मोठी जमेची बाजू अशी की, गाठीच्या जनुकीय चाचणीचा रिपोर्ट हातात येईपर्यंत तेथील डॉक्टरांनी महागडे औषध सुरू करण्यास ठाम नकार दिला. आम्ही घाई करत होतो, पैशांची जुळवाजुळवही झाली होती, तरीही त्यांनी पहिल्या सायकलला फक्त ‘फॉल्फॉक्स’ ही नेहमीची केमो दिली आणि रिपोर्टची वाट पाहिली. त्यामागचे कारण त्यांनी केसपेपरच्या मागच्या बाजूला आकृती काढून समजावले. सेटुक्सिमॅब आणि पॅनिटुमुमॅब ही टार्गेटेड औषधे पेशीच्या पृष्ठभागावरील ‘ईजीएफआर’ हा ग्राहक, म्हणजे वाढीचा संदेश घेणारा रेणू, अडवतात. पण त्याच साखळीत खाली असलेल्या ‘रास’ जनुकात बिघाड असेल, तर वाढीचा संदेश खालूनच सुटत राहतो. शेतातल्या मोटारीचा स्टार्टर बंद केला, पण तार थेट जोडलेली असली, तर मोटार चालूच राहते, तसे हे आहे. द्राक्षबागायतदार असलेल्या दादांना हे एका वाक्यात पटले.

हा काही एका डॉक्टरांचा आग्रह नव्हे. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, इतर उपचार संपलेल्या रुग्णांमध्ये सेटुक्सिमॅब घेणारे आणि फक्त आधारोपचार घेणारे यांची तुलना झाली होती. ज्यांच्या गाठीत रास गटातील ‘केरास’ जनुक निर्दोष होते, त्यांचे मध्यक आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगतात तो काळ) 4.8 महिन्यांवरून 9.5 महिन्यांवर गेले. ज्यांच्यात ते बिघडलेले होते, त्यांना औषधाचा काहीही उपयोग झाला नाही. पुढे 2013 साली ‘प्राइम’ या रुग्णांवरील औषध-चाचणीच्या फेरविश्लेषणातून असे दिसले की, केरासच्या इतर भागांतील आणि त्याच गटातल्या ‘एनरास’मधील बिघाडही तितकेच महत्त्वाचे आहेत, आणि अशा रुग्णांना ऑक्सॅलिप्लॅटिनच्या केमोसोबत पॅनिटुमुमॅब दिले तर अपायच होण्याची शक्यता आहे. पसरलेल्या आतड्याच्या कर्करोगात जवळपास निम्म्या रुग्णांमध्ये रासचा बिघाड सापडतो. म्हणजेच चाचणी न करता हे औषध देणारे केंद्र निम्म्या घरांचा पैसा आणि रुग्णांचे मोलाचे महिने वाया घालवू शकते. कर्करोग केंद्र निवडताना मी सर्वांत आधी हीच गोष्ट पाहीन.

दादांची गाठ डाव्या बाजूला, मोठ्या आतड्याच्या शेवटाकडच्या सिग्मॉइड भागात होती आणि रास निर्दोष निघाले. बेवासिझुमॅब (गाठीच्या नव्या रक्तवाहिन्या रोखणारे औषध) की पॅनिटुमुमॅब, हे ठरवताना डॉक्टरांनी जपानमधील ‘पॅराडाइम’ चाचणीचा आधार घेतला. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत डाव्या बाजूच्या गाठी असलेल्या रुग्णांचे मध्यक आयुर्मान पॅनिटुमुमॅबच्या गटात 37.9 महिने, तर बेवासिझुमॅबच्या गटात 34.3 महिने होते. हे आकडे त्यांनी दादांसमोरच सांगितले, फरक साडेतीन महिन्यांच्या आसपासचा आहे हेही सांगितले, आणि मध्यक म्हणजे निम्मे रुग्ण त्याच्या पुढे जातात हेही समजावले. आपल्याकडे अशा वेळी नातेवाइकांना बाजूला बोलावून रुग्णाला अंधारात ठेवण्याची पद्धत आहे. येथे तसे झाले नाही, याचे मोल मला औषधाहून कमी वाटत नाही.

रास, ‘ब्राफ’ व ‘हर-2’ ही जनुके आणि ‘एमएमआर’ (डीएनएतील चुका दुरुस्त करणारी पेशीची यंत्रणा) यांच्या चाचण्या येथे सुरुवातीलाच सांगितल्या जातात. त्यांतील एमएमआरची तपासणी स्लाइडवर चार प्रथिने पाहून होते, तुलनेने स्वस्त असते, आणि तरीही ती अनेकदा राहून जाते. ती राहणे परवडणारे नाही. पसरलेल्या रोगात सुमारे 5 टक्के रुग्णांमध्ये एमएमआरचा दोष आढळतो, आणि त्यांच्यासाठी केमोऐवजी इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध कामाला लावणारे उपचार) हा अधिक चांगला मार्ग ठरतो. 307 रुग्णांवर झालेल्या ‘कीनोट-177’ चाचणीत पेम्ब्रोलिझुमॅबने रोग वाढण्यापूर्वीचा काळ 8.2 महिन्यांवरून 16.5 महिन्यांवर नेला. ब्राफच्या विशिष्ट बिघाडाचा रोग अधिक आक्रमक असतो. त्यासाठी एन्कोराफेनिब, सेटुक्सिमॅब आणि केमो यांचा एकत्रित वापर ‘ब्रेकवॉटर’ चाचणीत झाला, आणि तेथे मध्यक आयुर्मान 15.1 महिन्यांवरून 30.3 महिन्यांपर्यंत गेले. दादांना यांपैकी काही लागू नव्हते, पण लागू का नाही हे कळल्यामुळे घरात दररोज येणाऱ्या सल्ल्यांना आम्हाला उत्तर देता आले.

डे-केअरमधील सिस्टरांचे काम उत्तम आहे. केमोचा शेवटचा टप्पा 46 तास चालतो आणि त्यासाठी छातीवरच्या पोर्टला (कातडीखाली बसवलेल्या, शिरेत औषध सोडणाऱ्या छोट्या डबीला) एक छोटा पंप जोडून रुग्णाला घरी सोडतात. पारदर्शक बाटलीत औषधाने भरलेला फुगा असतो आणि तो हळूहळू आकसत जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी तो किती लहान दिसायला हवा, नळीला पीळ पडला तर काय करावे, औषध सांडले तर हात कसे धुवावेत, हे सिस्टरांनी दादांकडून आणि वहिनींकडून म्हणवून घेतले, मगच सोडले. पॅनिटुमुमॅबमुळे चेहऱ्यावर आणि छातीवर मुरमांसारखे पुरळ येते. ते येण्याची वाट न पाहता पहिल्या डोसपासूनच डॉक्सिसायक्लिनची गोळी, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन आणि सौम्य स्टेरॉइड मलम सुरू केले गेले. बागेत भर उन्हात जाणाऱ्या माणसासाठी ही तयारी फार महत्त्वाची ठरली. रक्तातील मॅग्नेशियमही नियमित तपासले जाते, कारण या औषधाने ते घसरते.

आता उणिवा. शस्त्रक्रिया दुसऱ्या रुग्णालयात झाली होती, त्यामुळे गाठीचा पॅराफिन ब्लॉक (मेणात जतन केलेला, चाचणीसाठी लागणारा तुकडा) तेथून आणण्याचे काम नातेवाइकांवर पडले. अर्ज, सही, अनामत रक्कम आणि ‘उद्या या’ यांत बराच काळ गेला. डे-केअर विभागाने ही जबाबदारी स्वतःकडे घ्यायला हवी. दोन पॅथॉलॉजी विभागांतील एका फोनने जे झाले असते, त्यासाठी आजारी माणसाच्या घरच्यांनी खेटे घालणे योग्य नाही. खर्चाच्या अंदाजपत्रकात जनुकीय चाचणीची रक्कम धरलेली नव्हती, आणि शासनाच्या महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून नेमके काय मिळेल, काय खिशातून भरावे लागेल, हे बिलिंगच्या खिडकीवर प्रत्येकाने वेगवेगळे सांगितले. फॉल्फॉक्समधील फ्लुरोयुरासिल हे औषध सुरू करण्यापूर्वी ‘डीपीवायडी’ जनुकाची तपासणी करता येते; त्यात बिघाड असेल, तर हे औषध शरीरात नीट मोडले जात नाही आणि गंभीर त्रास होऊ शकतो. युरोपीय औषध नियामकांनी 2020 सालापासून तिची शिफारस केली आहे. येथे तिचा विषय आम्ही काढल्यावरच निघाला. ज्या विभागात बाकी सगळे इतके काटेकोर आहे, तेथे ही ढिलाई खटकते.

संशोधनात सहभागी होण्याविषयी मात्र आम्हाला सरळ मार्गदर्शन मिळाले. येथे सध्या या रोगासाठी रुग्णांवरील कोणतीही औषध-चाचणी सुरू नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितले आणि भारतातील अशा चाचण्यांची नोंदवही असलेल्या ‘सीटीआरआय’च्या संकेतस्थळावर कसे शोधायचे ते दाखवले. 2019 च्या नियमांनुसार नैतिकता समितीची मान्यता, लेखी संमती, आणि चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार व भरपाई या गोष्टी आवश्यक आहेत. त्यांविषयी विचारल्यावर जो चिडेल त्याच्याकडे जाऊ नये, असे ते म्हणाले. पुढे रोग वाढलाच, तर रक्तातून जनुकीय तपासणी करून हेच औषध पुन्हा देता येते का, यावर इटलीत ‘क्रोनोस’ हा अभ्यास झाला आहे. त्यात 27 पैकी 8 रुग्णांच्या गाठी लक्षणीय प्रमाणात आकसल्या. संख्या लहान आहे, त्यावर आत्ताच आशा बांधू नका, हेही त्यांनी त्याच दमात सांगितले.

यकृताच्या शस्त्रक्रियेचे तज्ज्ञ येथे नाहीत, ही या विभागाची खरी मर्यादा. गाठी पुरेशा लहान झाल्या की त्या काढता येतील का, हा निर्णय वेळेवर व्हावा लागतो. म्हणून दादांचे स्कॅन पुण्यातील शल्यविशारदांना दाखवले जातात. ज्यांचा रोग फक्त यकृतापुरता मर्यादित आहे, त्यांनी ही सोय पहिल्याच भेटीत विचारून घ्यावी, आणि शस्त्रक्रिया आधीच झाली असल्यास ब्लॉक हाती घेऊनच मिरज गाठावे.