पोवई नाक्याजवळचा जर्मन वर्ग: तीन वर्षांनी लिहिलेला अभिप्राय

साताऱ्यात पोवई नाक्यापासून पायी पाच मिनिटांवर, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर चालणाऱ्या जर्मन भाषेच्या वर्गात मी चौदा महिने शिकले आणि 2022 च्या ऑक्टोबरपासून जर्मनीत श्टुटगार्टजवळच्या एका रुग्णालयात परिचारिका म्हणून काम करते आहे. निघण्यापूर्वी अभिप्राय लिहिला असता, तर जर्मन भाषेची बी-टू ही पातळी उत्तीर्ण झाले आणि व्हिसा मिळाला, एवढ्यावरच पाच तारे दिले असते. तिथे राहिल्यावर या वर्गाने नेमके काय दिले ते कळले, म्हणून सुट्टीवर आले असताना सविस्तर लिहीत आहे.

ए-वनपासून बी-टूपर्यंतच्या चारही पातळ्या येथे शिकवल्या जातात. नोकरी करणाऱ्यांसाठी संध्याकाळची बॅच आहे आणि शुल्क प्रत्येक पातळीला दोन हप्त्यांत भरता येते. परीक्षेसाठी पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात, म्हणजे गोएथे इन्स्टिट्यूट या जर्मन संस्थेच्या केंद्रात, जावे लागते. बी-वनपासून वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण या चार भागांत स्वतंत्रपणे शंभरपैकी साठ गुण लागतात. मी बी-वनला श्रवणात राहिले, तेव्हा तेवढाच भाग पुन्हा देता आला आणि मॅडमनी त्यासाठी महिनाभर वर्गानंतर थांबून वेगळे शुल्क न घेता तयारी करून घेतली.

मॅडमची शिकवण्याची रीत मराठी मुलांना ओळखून बेतलेली आहे. जर्मन आकडे उलटे असतात अशी सर्वांना धास्ती असते. मॅडमनी फळ्यावर 65 लिहून आम्हाला मराठीत वाचायला लावले. पासष्ट म्हणजे आधी पाच आणि मग साठ. जर्मनमध्येही फ्युन्फ-उन्ट-झेख्त्सिश, पाच आणि साठ. त्या दिवसानंतर वर्गात आकड्यांची भीती कोणालाच राहिली नाही.

परंतु माझ्या मते या वर्गाचे सर्वांत मोठे देणे म्हणजे पहिल्याच आठवड्यात पाठ करून घेतलेले एक वाक्य: ‘इश हाबं दास निश्ट फेर्श्टांडन’, म्हणजे ‘मला हे समजले नाही’. रोज प्रत्येकाने उभे राहून ते मोठ्याने म्हणायचे, असा नियम होता. समजले नाही तरी मान डोलवायची, वरिष्ठांना पुन्हा विचारायचे नाही, ही सवय मला शाळेपासून होती आणि नोकरीत ती अधिकच घट्ट झाली होती. तिथे परिचारिका म्हणून माझी नोंदणी पूर्ण झाल्यानंतरच्या पहिल्याच आठवड्यात डॉक्टरांनी दूरध्वनीवर इन्सुलिनचे युनिट सांगताना ‘त्स्वो’ असा शब्द वापरला. दोनला त्स्वाय आणि तीनला द्राय एवढेच मी शिकले होते. मी तेच वाक्य उच्चारले. त्स्वाय आणि द्राय फोनवर सारखे ऐकू येतात, म्हणून दोनला त्स्वो म्हणण्याची पद्धत आहे, हे डॉक्टरांनी शांतपणे समजावले आणि विचारल्याबद्दल आभार मानले. परदेशात राहून मला पैसा मिळाला, तो घरच्यांच्या उपयोगीही पडला. पण न लाजता विचारण्याचे जे बळ अंगी आले, त्याची किंमत मी पगारापेक्षा अधिक मानते.

दुसरा लाभ स्वावलंबनाचा. साताऱ्यात कोणत्याही कार्यालयातले काम वडील किंवा भाऊ करीत. तिथे घरात राहायला गेल्यापासून चौदा दिवसांत पत्त्याची नोंदणी करावी लागते; तो अर्ज मी एकटीने भरला, कारण वर्गात आम्ही तशाच अर्जांचा सराव केला होता. रुग्णाला आंघोळ घालणे, भरवणे ही आपल्याकडे बहुधा नातेवाईक करतात ती कामे तिथे परिचारिकेची असतात. सुरुवातीला मला ते कमीपणाचे वाटले. पुढे त्याच वेळात रुग्णाची त्वचा, श्वास, मनःस्थिती सर्व नजरेखाली येते हे उमगले आणि माझ्या कामाकडे पाहण्याची दृष्टी बदलली.

उणिवाही स्पष्ट सांगायला हव्यात. वर्गात केवळ प्रमाण जर्मन ऐकवली जाते. श्टुटगार्टच्या बाजूचे वृद्ध रुग्ण श्वाबियन बोली बोलतात आणि पहिले तीन महिने मला त्यांचे निम्मे बोलणे कळत नव्हते. दूरध्वनीवरील संभाषणाचा सराव जवळजवळ नाही. शिवाय भारतीय पदवी तिथे समतुल्य ठरेपर्यंत बहुतेकांना अनुकूलन अभ्यासक्रम (तिथल्या कामाच्या पद्धतीशी जुळवून घेण्याचे प्रशिक्षण) किंवा ज्ञानपरीक्षा पूर्ण करावी लागते आणि तोवर साहाय्यक म्हणून कमी पगारावर काम करावे लागते, याची कल्पना प्रवेशाच्या वेळी देणे आवश्यक आहे. माझ्यासोबत गेलेली एक मैत्रीण केवळ या धक्क्याने खचली होती.

तरीही ज्यांना खरोखर तिथे राहून काम करायचे आहे, त्यांनी येथेच शिकावे असे मी मनापासून सांगेन. केवळ प्रमाणपत्र घाईने हवे असलेल्यांना येथील रोजची पुनरावृत्ती कंटाळवाणी वाटेल. गेल्या मंगळवारी कंदी पेढे घेऊन वर्गात गेले होते. त्स्वोची हकिकत ऐकताच मॅडमनी खडू उचलला, फळ्यावर दोनच्या आकड्यापुढे तो शब्द लिहिला आणि फोनवरील सराव आता दर शनिवारी घेऊ, असे बॅचला तिथल्या तिथे सांगितले.