नँड की नॉर: ट्रान्झिस्टरच्या रुंदीचा हिशेब

नँड आणि नॉर ही डिजिटल चिपमधली तर्काची गेट. सीमॉसमध्ये, म्हणजे एनमॉस आणि पीमॉस अशा दोन प्रकारच्या ट्रान्झिस्टरनी बनणाऱ्या सर्किटमध्ये, दोन इनपुटांच्या दोन्ही गेटना चारच ट्रान्झिस्टर लागतात, म्हणून विद्यार्थी त्यांना सारखेच धरतात. रुंदी ठरवायला बसलं की फरक दिसतो.

एनमॉसमध्ये प्रवाह इलेक्ट्रॉन वाहतात, पीमॉसमध्ये होल्स (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा). सिलिकॉनमध्ये होल्स इलेक्ट्रॉनपेक्षा संथ धावतात. सोयीसाठी निम्मा वेग धरू. मग साध्या इन्व्हर्टरमध्ये (इनपुट उलटवणारं गेट) दोघांची ताकद सारखी व्हायला एनमॉस १ आणि पीमॉस २ रुंदीचा, म्हणजे इनपुटवर दोन्ही रुंदी मिळून ३ एककांचा भार. तेवढ्याच ताकदीच्या दोन इनपुटांच्या नँडमध्ये एकामागोमाग येतात ते वेगवान एनमॉस. साखळीत रोध वाढतो, म्हणून ते २ रुंदीचे करायचे, समांतर पीमॉस २ वरच राहतात. भार ४. नॉरमध्ये मात्र साखळी पीमॉसची होते, आणि आधीच रुंद असलेला ट्रान्झिस्टर ४ वर न्यावा लागतो. भार ५.

५ आणि ४ मध्ये काय मोठंसं, असं वाटेल. पण चार इनपुटांना नँडचा भार ६ आणि नॉरचा थेट ९ होतो. हा भार आधीच्या गेटला ओढावा लागतो, मग तेही रुंद करावं लागतं. म्हणून मला तरी चार इनपुटांचा नॉर नकोच वाटतो. डी मॉर्गनचा नियम (नॉर म्हणजे उलटवलेल्या इनपुटांचा अँड) वापरून तो नँड आणि इन्व्हर्टरमध्ये फोडून पाहावा.

डोमिनो लॉजिकमध्ये (आधी चार्ज करून ठेवलेला बिंदू एनमॉसनी रिकामा करायचा, अशी रचना) पारडं फिरतं. तिथे निर्णय एनमॉसच घेतात आणि नॉरमध्ये ते समांतर असतात, त्यामुळे बऱ्याच इनपुटांचा नॉर तिथे शोभतो. फिनफेटमध्ये (उभ्या पातळ पात्यांचा, म्हणजे फिनचा, ट्रान्झिस्टर) पीमॉस जवळपास एनमॉसच्या तोडीचा असेल, तर दोन इनपुटांच्या नँड आणि नॉर दोन्हींचा भार ३ वर येतो. शिवाय रुंदी पूर्ण फिनच्या पटीतच मिळते.