पितळी वजन की काचेचं? बायझंटाईन बाजारातली निवड

सॉलिडस म्हणजे बायझंटाईन (पूर्वेकडच्या रोमन) साम्राज्याचं सोन्याचं नाणं, साधारण साडेचार ग्रॅमचं, एका रोमन पौंडात 72 बसायची. कडा तासून सोनं चोरणारे तेव्हाही होतेच, म्हणून नाणी मोजण्यापेक्षा तोलणं सेफ.

त्यासाठी एक ऑप्शन पितळ-ब्राँझची वजनं. सुरुवातीची चौकोनी, नंतर गोल जास्त. दिसायला एकदम भारी, वर क्रॉस कोरलेला, काहींत चांदी भरलेली आणि बाजूला ग्रीक अक्षरं: गॅमा-ओमिक्रॉन म्हणजे औंस, न्यू असेल तर नाणी. एक औंस म्हणजे 6 सॉलिडस, जवळपास 27 ग्रॅम, आणि असले जड तुकडे पाडायला धातूच बरा, पडलं तरी फुटत नाही. पण कानस मारली की वजन हलकं, आणि नीट घासलं तर कोणाला कळणार?

काचेची वजनं सहाव्या-सातव्या शतकातली, बटणाएवढी, वर अधिकाऱ्याचा चेहरा नाहीतर मोनोग्राम (नावाची अक्षरं गुंफलेली खूण) ठोकलेला. जरा खरवडलं की लगेच दिसतं, गंज नाही काही नाही, फक्त हातातून सुटलं की संपलं. सम्राट जस्टिनियनने इ.स. 545 मध्ये प्रमाण वजनं चर्चमध्ये ठेवायला सांगितलं होतं, म्हणजे लबाडीची भीती किती होती बघा.

मी सराफ असतो तर पितळी ठेवलं असतं, पण गिऱ्हाईक म्हणून गेलो तर काचेचंच काढ म्हणेन 😄